शेपटीचा हिशेब

चेऊलच्या मांडवीवर मी लिहिणारा.
आधी गद्याण लिहायचो, मग टंका लिहू लागलो,
राज्य बदललेलं मला कळलं ते एवढंच.
घाटावर कोण कुणाला गाडून गादीवर बसला
ती बातमी मिठाच्या बैलांबरोबर परतीला उतरायची,
तोवर बसलेलाही उठलेला असायचा.

घोडे मात्र चुकले नाहीत.
दिवाळी उलटली की होरमुजची गलबतं खाडीच्या तोंडाशी,
आणि त्यांच्याआधी त्यांचा वास:
लिदीचा, घामाचा, खारट कुजक्या गवताचा.
महिनाभर उभी राहून जमीन विसरलेली जनावरं
फळीवरून उतरताना थरथरत,
पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरासारखी.
त्यांना तूपभात.
खरंच, तूपभात.
त्या साली आमची वरी संपली होती,
लोक रानसुरण उकडून घसा खाजवत जेवायचे.

घोडा दोनशे टंक्यांचा.
वाटेत मेला तर शेपटी दाखवा, निम्मे न्या,
असा वरचा हुकूम.
म्हणून मांडवीच्या आढ्याला दोरी,
दोरीवर शेपट्या. काळ्या, तांबड्या, एक राखी.
वारा आला की सगळ्या एकदम
नसलेल्या माशा हाकलत.

नाखवा बेहरूज एका शेपटीच्या दोन करू बघायचा, उभी चिरून.
म्हणून मी आतलं हाड चाचपायचो.
तो हसायचा, खजूर पुढे करायचा, मी घ्यायचो.
(हेही लिहून ठेवतो.)

त्या खेपेला घोडे मेले अकरा, माणसं तीन.
पाणी आटलं होतं.
घोड्याला दिवसाला दोन घागरी, माणसाला एक करवंटी.
दोघे मलबारातले, त्यांचं विचारायला कुणी आलं नाही.
तिसरा आमचा गोंदो तांडेल.
देमाई टोपली घेऊन तशीच आली, बाजारातून उठून.
“गोंदोचं काय आणलंत?”
बेहरूजनं दोन्ही तळहात दाखवले.
ती दोरीकडे बघत राहिली बराच वेळ.
“चुकलंच माझ्या माणसाचं,” म्हणाली,
“शेपूट घेऊन जन्माला यायला हवं होतं.”
कुणीतरी हसलं.
मग कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दौत सापडेना.
तिसऱ्या दिवशी दौत जागेवर, रिकामी,
आणि देमाई दारात.
टोपलीत मासळीखाली बारावी शेपटी:
सुंभाची, घट्ट वळलेली, काळीभोर.
काळा रंग ओळखीचा होता.
मी रिवाजाप्रमाणे हाड चाचपलं.
मुशीचा कणा.
कौशल्यानं ओवलेला, मणक्याला मणका.

मी बोरू शाईत बुडवला, नव्या शाईत, आणि लिहिलं:
घोडा एक. काळा. वय तीस.
डाव्या भुवईवर जुना वण.
बेहरूजनं वाचून घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
शंभर टंक्यांतले दहा काढून घेतले,
नव्वद तिच्या टोपलीत ठेवले, बोंबलांवर.
ती मोजत बसली. तिथेच. दोनदा.

पुढच्या चैत्रात वरून नवा अंमलदार आला.
त्याला या लोंबत्या केसांची शिसारी.
जाळा म्हणाला, सगळं.
अकरा शेपट्या केस जळतात तशा चुरचुरून आकसल्या.
बारावीला सावकाश, धुरकट आग लागली,
चुलीत सोडण घातल्यासारखा वास सुटला.
अंमलदार नाक वर करून म्हणाला, हा कुठला घोडा?
मी म्हटलं, दर्यावरचा.

मग तो नव्या नाण्याचं नाव सांगू लागला,
मी लिहून घेऊ लागलो.
राखेत अकरांचा मागमूस नव्हता.
बारावी होती तशीच, पांढुरकी,
पीळ न् पीळ मोजता यावा अशी,
फुंकर घालायला माझं धाडस झालं नाही.